बॅटरी पायाशी

वेंगुर्ल्याच्या जयमंगल टॉकीजला
प्लास्टरचे दोन मोर होते, गोव्याहून आणलेलं झुंबर,
मखमली पडदा, आणि मी.
खाकी कोट, पितळी बटणं, हातात तीन सेलांची बॅटरी.

तुळाजीशेठनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
उजेड पायाशी धरायचा. तोंडावर कधीच नाही.
काळोखात कोण कुणाशेजारी बसलंय
हे बघायचा पगार तुला नाही.

म्हणून मी गावाला पायांनी ओळखू लागलो.
कातळावर फुटलेल्या टाचा, चुन्याचे अंगठे,
जोतकर मास्तरांचे मोजे आणि शेजारी पैंजण.
मास्तरीणबाई पैंजण घालत नसत.
मी बॅटरी विझवली.

मॅटिनीला बाजार उरकून गाबतिणी यायच्या.
व्हरांड्यात पाट्या उपड्या,
पोस्टरखाली मांजरं रांगेत, बिनतिकीट.
खाऱ्या वाऱ्यानं खुर्च्यांचे स्क्रू खाल्लेले,
एक माणूस बसला की अख्खी रांग कण्हायची.

(आता तिथं बर्फाचा कारखाना आहे.
मोर अजून आहेत. एकाला चोच नाही.)

त्या दुपारी मध्यंतरानंतर
बंदरावरून पोरगा धावत आला.
होडी परत आली होती. नुसती होडी.

मी नियम मोडला.
रांगेरांगेनं तोंडावर उजेड टाकत गेलो,
रडणारी, दिपलेली, शिव्या देणारी,
भजी तोंडातच राहिलेली.
इतकी उघडी माणसं मी कधी पाहिली नव्हती.
सुभद्रा गिरप हसत होती.
पडद्यावर काही गमतीचं चाललं असावं.
हसू आधी डोळ्यांतून गेलं,
ओठांवर जरा रेंगाळलं.
मी अजून काही बोललोही नव्हतो.

शो सुटल्यावर झाडताना खुर्चीखाली
तिच्या चपला सापडल्या.
तिकीटखिडकीत, फाडलेल्या तिकिटांच्या डब्यामागे
मी त्या ठेवून दिल्या.
इनास ऑपरेटर म्हणाला, देऊन ये घरी.
माझे पाय वळले नाहीत.

शिमगा होऊन गेल्यावर ती आली.
पाटी खाली ठेवली, चपलांवरची धूळ झटकली,
एकेक पायात सरकवत म्हणाली,
"मगे शेवटाक काय झाला रे?"

छत्तीस खेळ झाले होते त्या सिनेमाचे.

"माका म्हायत नाय गो," मी म्हटलं,
"शेवटाक मी दारां उघडूक जातंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.
मग पाटी डोक्यावर घेतली.
मांजरं उठली, तिच्या मागून गेली.