पुसायची कळ

डलुथ, सुपीरियर सरोवराचा काठ, एकोणीसशे एकोणसत्तर.
नोव्हेंबरात धक्क्यावर गहू आणि बर्फ
एकाच वाऱ्यानं उडतात.
धान्यकोठाराच्या दुसऱ्या मजल्यावर हेल्वी सारेला
टेलिटाइपसमोर बसते,
बोटांची टोकं कापलेले लोकरी हातमोजे घालून.

यंत्राला अक्षरं येत नाहीत.
त्याला पट्टी लागते, पिवळी, तेलकट, इंचभर रुंद,
आणि तीत भोकं.
भोक म्हणजे आहे.
भोक नाही म्हणजे नाही.
पहिल्या दिवशी तिला हे उलटंच वाटलं होतं:
कागद शाबूत, तिथं काही नाही,
आणि कागद जिथून गेला, तिथं आहे?

समजावलं ते ओइवानं.
ओइवा काल्लुंकी, एकतीस वर्षं काट्यापाशी उभा असलेला तोलार.
यंत्रातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.
वजनातलं कळत होतं.
डब्याच्या झाकणावर त्यानं सात वजनं मांडली:
एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट.
"एकशेसत्तावीसपर्यंत काहीही माग.
वजन पारड्यात ठेवायचं, नाहीतर नाही ठेवायचं.
थोडंसं ठेवलं, असं नसतं.
आणि मागशील ते जुळवायची रीत एकच."
तिनं पासष्ट मागितले.
चौसष्ट, आणि एक.

पासष्ट म्हणजे 'ए'.
पट्टीवर दोन टोकांना दोन भोकं, मधल्या पाच जागा कोऱ्या.
रात्री दोन तीरांवर दोन दिवे
आणि मधलं पाणी.

आठवी जागा साक्षीदाराची.
भोकं जोडीजोडीनं हवीत;
एखादं एकटं उरलं की आठवं सोबतीला येतं,
नाहीतर यंत्राला वाटतं, वाटेत काहीतरी हरवलंय.
हा नियम ओइवाला फार आवडला.
त्याची बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

माझ्या भाषेत शून्याला पूज्य म्हणतात.
हेल्वीला हे कोणी सांगितलं नसणार.
पण यंत्राखालची पेटी ती सावकाश रिकामी करायची:
भोकांतून पडलेल्या टिकल्या, कोंड्याइतक्या हलक्या,
कशाच्याच कामाच्या नसलेल्या.
पूज्यं मात्र पट्टीतच राहायची, न हलता.
कुठलं जहाज आलं नाही
हेही बंदराला कळावं लागतं.

मग काटाच बदलला.
नवा काटा स्वतःच वाचायचा, स्वतःच लिहायचा.
सोमवारी वरून कागद आला: पगाराच्या यादीतून एक नाव कमी.
यादी पाडताना सवयीनं
बोटांनी ते नाव पाडलंच.

भोक बुजवता येत नाही.
एकदा झालेलं 'आहे' पुन्हा 'नाही' होत नाही.
म्हणून पुसायची कळ वेगळी असते:
पट्टी मागे घ्यायची, आणि दाबायची,
अक्षर कुठलंही असो, आठच्या आठ भोकं.
अशी ओळ दिसली की यंत्र
काही न बोलता पुढं जातं.

ओ. खट्.
आय. खट्.
व्ही. खट्.
'ए'पाशी ती थांबली.
खाली कुणीतरी फावडं आपटून बर्फ झाडत होतं.
खट्.

वाचून झालेली पट्टी टाकूनच द्यायची असते.
तिनं चार ओळींचा तुकडा कापून ठेवला.

शुक्रवारी ओइवा आपले बूट न्यायला आला.
तुकडा त्यानं अंगठ्यानं चाचपला,
खिडकीशी धरला.
"हे मी?"
"होतास."
"काहीच उरलं नाही की."
"मोज ना," ती म्हणाली.

त्यानं मोजली. ओठ हलत होते,
एक, दोन, चार, आठ,
जसे एकतीस वर्षं हलले.
"सगळीच वजनं पारड्यात," तो म्हणाला.
"आणि साक्षीदार."

बाहेरच्या बर्फाचा उजेड
भोकांतून त्याच्या तळहातावर पडला होता,
बत्तीस ठिपके.
मूठ मिटावी की नाही
हे त्याला लवकर ठरवता येईना.