कोपराएवढी जागा

कार्मेलोच्या गॅरेजात एलादिओ
हुपमोबिलभोवती तिसऱ्यांदा फिरला.
"रंग खरवडू, क्रोम चढवू, गादी नवी.
कालच कारखान्यातून आल्यासारखी दिसेल."

मी दाराकडे बघत होते.
काचेखाली कोपराएवढी जागा
पार पत्र्यापर्यंत झिजलेली.
बाबा तिथं हात टेकून
नदीकाठच्या रस्त्यानं द्राक्षं विकायला जायचे.
मागच्या गादीवर अजून
कुत्र्याच्या नखांचे ओरखडे. त्याचं नाव
काही केल्या आठवेना.

"ब्रेक कर," म्हटलं. "वायरिंग कर.
तळाचा गंज थांबव, नाहीतर
पाय रस्त्याला लागतील."

"आणि दार?"

मी माझं कोपर तिथं ठेवून पाहिलं.
बोटभर अलीकडेच टेकलं,
जिथं रंग अजून शाबूत होता.

"दार राहू दे."