उतार

तीन जणांना बोलावलं.

पहिला नेहेते, सावद्याचा. बुलेटवरून उतरलाच नाही,
फाटकातूनच बघितलं आणि म्हणाला, 'होऊन जाईल.'
किती? 'तुम्हाला काय जास्त लावणार, बाई?'
असल्यांना मी वर्गापासून ओळखते.
उत्तर आधी लिहायचे,
रीत विचारली की खिडकीबाहेर बघायचे.

दुसरा जळगावहून. त्याच्या टॅबवर
लाल-करडी नागमोडी, डमरू, मधमाशीचं पोळं,
आणि प्रत्येक चित्रात एक पांढरी मोटार.
आमच्याकडे एक लुना आहे, तीही चालू होत नाही.
बावीस फूट बाय नऊ, एकशे अठ्ठ्याण्णव.
त्याने दोनशे वीस धरले.
वेस्टेज, म्हणाला.

तिसरा सुभान तडवी, सकाळी साडेसहाला,
ऊन तापायच्या आत, सायकलला फावडं बांधून.
टेप काढलाच नाही.
'माय, पानी दे.'
मी तांब्या आणला.
'बादलीभर,' तो म्हणाला.

फाटकापाशी त्याने ती सावकाश ओतली
आणि उकिडवा बसला.
शहाबादी फरशी. नवी होती तेव्हा निळसर,
आता पापुद्रे सुटलेली, सांध्यासांध्यात दगडीपाला,
केळीचा ट्रॅक्टर एकदा चुकून आत शिरला
तिथे एकीचे चार तुकडे.
पाणी या सगळ्यावरून अडखळत गेलं
आणि वळलं
पोर्चकडे. माझ्या पायांकडे.

'आत येऊ ऱ्हायलं ना?'
येतंच. मी लोटते खराट्यानं.
'कधीपासून?'
ब्याण्णवपासून.

त्याने बोटाने कड चाचपली.
'हे खचलेलं नाही, माय. खचतं ते मधी खचतं.
हा उतार कोणीतरी दोरी लावून देलाय.
मुद्दाम.'

आता या माणसाला काय सांगू,
की डावीकडची भिंत लोटूभाऊजींची,
की दोन फुटांच्या बोळासाठी दोघे भाऊ
एकाच एसटीने यावलच्या कोर्टात जायचे,
एक पुढच्या बाकावर, एक मागच्या,
आणि तिकिटं मात्र यांनीच काढायची, दोन्ही.
की भाऊजी एकदा ओरडले,
'तुमचं पाणी माझ्या ओट्यावर येतं,'
आणि यांनी दुसऱ्याच दिवशी फरशी उकरून
उतार फिरवला, आपल्या दाराकडे.
घे. थेंबसुद्धा नको तुला आमचा.

मी त्याला तेव्हा मोठं मन म्हणायचे.
लोटता लोटता कधीतरी अडमुठेपणा म्हणायला लागले.
वर्षाला दोन खराटे धरले तरी
साठ-पासष्ट झाले असतील.
आता दोघेही नाहीत. ओट्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.

'सरळ रस्त्याकडे का नाही दिला मग?' मीच विचारलं,
तीस वर्षं उशिरा, भलत्याच माणसाला.
'तेव्हा गटार कुठं होती पुढं?' सुभान म्हणाला.
'पानी जाईन कुठं?'

जुन्या फरशा तो गोठ्याला नेणार होता.
म्हणून दीड हजार कमी.
मी दोन म्हटलं. तो हसला, मी नाही.
सतराशेवर तुटलं.

चार दिवस दोन पोरं
पारदर्शक नळीत पाणी भरून
एक फाटकाशी, एक पायरीशी उभी,
'वर घे, वर घे, थांब' करत.
फरशीखाली बोटभर वाळू निघाली,
मुंग्यांची पांढरी अंडी,
आणि एक निळं प्लास्टिकचं बटण,
जे कोणाचं ते मला आठवत नाही.

पाचव्या दिवशी सुभानने पुन्हा बादली मागितली.
या वेळी मी ओतली.
पाणी कुठेही न थांबता फाटकाबाहेर गेलं.
मी खराटा घेऊन उभीच.

तेवढ्यात दुकानातला पोरगा ओरडला,
'ओ काकू! पानी माझ्या गाडीखाली येऊ ऱ्हायलं!'

किती दिवसांनी
त्या भिंतीपलीकडून
कोणीतरी आमच्यावर ओरडलं.