मधला तळवा

बेथेस्डाच्या दुकानात
म्हातारा इदवाल माझे जुने बूट उलटे धरतो,
नालबंदासारखा तळवा वाचतो:
"टाच डांबरानं खाल्लीय,
चवडा खाणीतल्या पाटीच्या दगडानं."

खरंय. साडेतीन मैल सडक,
मग मेंढ्यांचं फाटक,
पुढे खाणीची ओली, निसरडी वाट.
बूट बदलायला तिथे साधा बाकही नाही.

"दोन्हीकडं चालेल असा आहे एक.
पण सडकेवर थोडा जड,
चिखलात थोडा भित्रा."

नाड्या आवळते.
सासरी वेल्श, वॉर्डात इंग्रजी,
दोन्हीकडं मीही जराशी अडखळतेच.

पैसे काढते, तर तो हात हलवतो.
"आधी चढावर जाऊन ये.
आणि फाटकाची कडी लाव,
मागचं गिऱ्हाईक विसरलं,
मेंढ्या आल्या थेट दुकानात."