शॉकअप

उद्यमनगरात दस्तगीरनं बॉनेटवर
दोन्ही तळवे रोवून भार दिला, सोडला.
सात सीटांचं धूड डुलतच राहिलं
वारं अंगात आल्यासारखं.
"चारी संपल्यात. त्याल बघा की, सगळं भाईर."
ऊसाच्या ट्रॉल्यांनी उखणलेला गगनबावडा रस्ता
नऊ वर्षं गिळत होती ती नळकांडी.

नवे बसवून निघालो. मागं आई.
दिसत नाही तिला आता,
गावं ओळखते दणक्यांवरून:
बालिंग्याचा पूल, दोन बारके.
कळ्याचा स्पीडब्रेकर, थेट कमरेत.

आज गप्पच.
साळवणजवळ म्हणाली,
"कळं आलं न्हाई रं अजून?"
"मगाशीच गेलं की."
सीट चाचपत राहिली जरा वेळ.
"कळलंच न्हाई बघ मला."

पुढं एक खड्डा दिसला.
मी स्टेअरिंग वळवलं नाही.