इतिवृत्त

ग्रामसभा अकराची लावली होती,
पण अकराला सुकती.
बाया तिसऱ्या काढून वर येईतो एक वाजला.
मी वहीत अकराच लिहिले;
सरकारी नमुन्यात भरती-ओहोटीचा रकाना नाही.

विषय एकच : खाडीत जेटी, सड्यावर कोळशाचा डेपो.
हात वर झाले. दोनदा मोजले.
विरोधात एकशे बारा.
कलंदर होडेकरांचा हात अर्ध्यावरच थांबला,
खांदा गेलाय त्यांचा जाळी ओढून ओढून,
तो मी पूर्ण धरला.
बाजूने कुणी नाही.

कंपनीचा माणूस नम्र होता.
मालक कोण, ते त्यालाही नीट सांगता येईना.
ही कंपनी त्या कंपनीची, ती मॉरिशसमधल्या फंडाची,
आणि फंडात म्हणे कुठल्याशा थंड देशातल्या
निवृत्त शिक्षिकांची पेन्शन.
"त्यांचे समभाग असतात," तो म्हणाला.

चंद्रभागा खवणेकर टोपली खाली ठेवत उठली :
"सम म्हणजे सारखोच मा?
आमच्या रापणीत होडयेक एक वाटो, जाळ्याक एक,
दोरी ओढली त्येका एक,
नुसती उबी रवान बगता, तिका पण ओंजळभर.
मगे ह्या तुमच्या समात
आमचो वाटो खंय?"

सभा हसली.
हसणे इतिवृत्तात येत नाही.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने मोबाईलवर दाखवले :
आमच्या 'नाही'ने भाव दोन रुपये दहा पैसे पडला होता.
पोरांनी दिवाळीतला उरलेला सुतळी बॉम्ब आणला,
सादळलेला. नुसता फुसफुसला.
परवा दुपारपर्यंत भाव भरून निघाला, वर तीस पैसे.
म्हणजे दीड दिवस आम्हाला किंमत होती.
मी तो शब्द सुटा करून पाहिला :
किं, आणि मत.

मग जिल्ह्याहून पत्र.
ठराव शिफारशीवजा समजावा.
गुंतवणूकदारांचा विश्वास डळमळू नये.
आमचा विश्वास कुठे नोंदवतात, विचारायचे राहून गेले.

रात्री वाटते, त्या बाईंना लिहावे,
कुठल्याशा बर्फात त्या चहा करत असतील,
त्यांचे काही चुकलेले नाही.
बाई, तुमच्या वर्गात
मागच्या बाकावरून पोरे हात वर करायची,
तेव्हा तुम्ही काय करायचात?

पुढची सभा अठ्ठावीसला.
सुकती कधी, चंद्रभागेला विचारून ठेवलेय.
वहीत अकराच लिहीन.