पुढचं पपनस

हौसाबाईंच्या ओट्यावरचं पपनस म्हणजे सूर्य, म्हणालो.
तर पृथ्वी मोहरीचा दाणा.
बावीस पावलांवर, लसूणवाल्याच्या पाटीपाशी
ठेवूनही आलो.

"आणि पुढचं पपनस?"
पुढचं थेट कैरोला.

वजनं पुसता पुसता थांबल्या.
"मधे?"
मधे काही नाही.

"अख्खं रिकामं?
इथं मंडईत हातभर जागेसाठी
अठरा वर्षं शिवाजीनगर कोर्टात जातेय मी,
दीर पलीकडच्या बाकावर."

कैरो कुठं, ते विचारलं नाही.
पपनस उचललं, हुंगलं, परत ठेवलं,
जरा डावीकडे,
दिराच्या हद्दीत.

मी मोहरी शोधायला गेलो.
लसणाची सालं उडत होती.
बावीस पावलं
दोनदा मोजली.